शब्दात ताकद असते म्हणजे नेमकं काय? ख्रिस्ती विचार काय सांगतो

घरात कुणी अभद्र बोललं की मोठी माणसं लगेच टोकतात, ‘शुभ बोल, वास्तू तथास्तु म्हणते.’ बोललेलं खरं होतं, हा समज मराठी मनात खोलवर रुजलेला आहे. आपण शब्द देतो, शब्द पाळतो, कुणासाठी शब्द टाकतो. एखाद्याच्या शब्दाला वजन असतं, एखाद्याचा तळतळाट लागतो. शब्द ही जणू हातात धरता येणारी वस्तू आहे, अशीच आपली भाषा बोलते.

ख्रिस्ती धर्मातही बोललेल्या शब्दाला फार मोठं स्थान आहे. बायबलची सुरुवातच देवाच्या बोलण्याने होते. त्यामुळे ‘शब्दांत सामर्थ्य आहे’ या विषयावरची प्रवचनं चर्चमध्ये नेहमी ऐकू येतात आणि आता ती मोबाइलवरून गावोगाव पोहोचली आहेत. त्यातली काही प्रवचनं एक पाऊल पुढे जातात. मी आजारी आहे असं म्हणू नका, मी बरा झालो असं तोंडाने जाहीर करा, म्हणजे तसंच घडेल, असं ती सांगतात.

बायबल खरंच असं म्हणतं का? शब्दाची ताकद आणि मंत्राची ताकद एकच का? हे प्रश्न वरवर फक्त धर्मशास्त्राचे वाटतात. पण लाखांदूरसारख्या धानाच्या तालुक्यात त्यांच्या उत्तरावर कधीकधी माणसाचा जीव अवलंबून असतो.

लाखांदूरचा संबंध काय?

लाखांदूर हा भंडारा जिल्ह्याच्या सात तालुक्यांपैकी एक, जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा. वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांचा, धानाच्या बांध्यांचा हा मुलूख. वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे झाडीपट्टी रंगभूमीचं प्रमुख केंद्र. दिवाळीनंतर या भागात मंडई भरते, दंडार आणि खडीगंमत रंगते, नाटकं रात्रभर चालतात. ऐकलेला शब्द इथे मन लावून ऐकला जातो आणि लक्षातही राहतो.

पण शब्दांवरच्या याच विश्वासाची दुसरी बाजूही आहे. रोवणीच्या दिवसांत माणसं चिखलात, धुऱ्यावर, गवतात वावरतात आणि सर्पदंश होतात. वर्ष २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. त्यातले बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातले होते आणि जवळपास निम्मे पावसाळ्याच्या महिन्यांतले.

अशा वेळी घरच्यांच्या भोवती तीन प्रकारचे शब्द फिरू लागतात. पहिला, विष उतरवणाऱ्याचा मंत्र. दुसरा, ‘कुणीतरी करणी केली’ हा संशय. तिसरा, प्रार्थना. ती देवळातली असेल, विहारातली, मशिदीतली किंवा चर्चमधली. भंडारा जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या अगदी थोडी आहे, पण या तीन शब्दांतला फरक ओळखण्याची गरज सगळ्यांनाच आहे. ख्रिस्ती परंपरेने या फरकावर पुष्कळ विचार केलेला आहे.

बायबलमध्ये ‘शब्द’ म्हणजे काय?

बायबलचं पहिलं पुस्तक ‘उत्पत्ती’. त्याच्या पहिल्या अध्यायात देव काही घडवतो ते बोलून. प्रकाश, आकाश, जमीन, झाडं, प्राणी असं सगळं त्याच्या बोलण्यातून अस्तित्वात येतं. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत लिहिला गेला. त्या भाषेत ‘दाबार’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, बोललेला शब्द आणि घडलेली गोष्ट. देवाच्या बाबतीत बोलणं आणि करणं यांत अंतर नाही, ही कल्पना भाषेतच दडलेली आहे.

नव्या करारात योहानाचं शुभवर्तमान याच कल्पनेने सुरू होतं. तिथल्या ‘लोगोस’ या ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलमध्ये ‘शब्द’ हाच शब्द वापरला आहे. योहान सांगतो की हा शब्द देवच होता आणि तो माणूस होऊन माणसांत राहिला. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेत सर्वोच्च शब्द हा एखादा ध्वनी किंवा गुप्त अक्षरं नाही. ती एक व्यक्ती आहे, येशू ख्रिस्त.

इथेच ख्रिस्ती विचाराचा कणा सापडतो. शब्दाची ताकद उच्चारात नसते, शब्दामागे कोण उभं आहे यात असते. हे समजायला रोजचं उदाहरण पुरेसं आहे. ग्रामसभेत रीतसर अध्यक्षस्थानी असलेले सरपंच ‘ठराव मंजूर’ म्हणाले की गावाचा निर्णय होतो. तेच दोन शब्द अंगणात खेळणारं पोर म्हणालं तर काहीच होत नाही. उच्चार तोच असला तरी अधिकार वेगळा असतो. इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत हीच गोष्ट मांडली. शपथ, वचन, नाव ठेवणं, लग्नातला होकार असे काही शब्द नुसती माहिती देत नाहीत, ते कृती करतात. मात्र त्यासाठी बोलणारा माणूस, प्रसंग आणि हेतू योग्य असावे लागतात.

मग माणसाच्या शब्दाला काही ताकद नाही का?

आहे, आणि बायबल तिच्याविषयी फार गंभीर आहे. ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकात जीवन आणि मरण ही दोन्ही जिभेच्या हाती असल्याचं सांगितलं आहे. अविचाराने बोललेले शब्द तलवारीसारखे भोसकतात आणि शहाण्याची जीभ औषधासारखी असते, असंही तिथे म्हटलं आहे. याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात जिभेची तुलना घोड्याच्या लगामाशी, जहाजाच्या सुकाणूशी आणि रान पेटवणाऱ्या ठिणगीशी केली आहे. ज्या तोंडाने देवाची स्तुती करायची त्याच तोंडाने देवाने घडवलेल्या माणसाला शिव्याशाप द्यायचे, हे एकाच झऱ्यातून गोडं आणि खारं पाणी येण्यासारखं आहे, असं याकोब बजावतो. मराठीत आपण म्हणतो, जिभेला हाड नसतं. याकोबाचा रोखही तोच आहे.

‘शास्ते’ या पुस्तकात इफ्ताह नावाच्या सरदाराची गोष्ट येते. लढाई जिंकून परतल्यावर घरातून जो पहिला सामोरा येईल त्याचं अर्पण करीन, असा नवस तो बोलून बसतो. सामोरी येते त्याची एकुलती एक मुलगी. शब्द किती महाग पडू शकतो, याची ही बायबलमधली सर्वांत भीषण गोष्ट. असा नवस देवाने मागितला होता, असं त्या कथेत कुठेही म्हटलेलं नाही.

येशूच्या शिकवणीत हा विषय आणखी साधा होतो. तुमचं ‘होय’ हे होय असावं आणि ‘नाही’ हे नाही असावं, शपथांची गरजच पडू नये, असं तो सांगतो. माणसाला प्रत्येक निरर्थक शब्दाचा हिशेब द्यावा लागेल, असंही तो म्हणतो. म्हणजे माणसाचा शब्द बलवान आहे तो त्याच्या परिणामांमुळे. शब्द माणूस उभा करतो किंवा मोडतो. निसर्गाला हुकूम सोडण्याची शक्ती म्हणून तो माणसाला दिलेली नाही.

दुसऱ्यावर ठेवलेला ठपका

शब्दाचा सर्वांत घातक वापर म्हणजे दुःखाचं खापर कुणाच्या तरी माथी फोडणं. बायबल याची दखल दोन ठिकाणी ठळकपणे घेतं.

ईयोब नावाच्या सज्जन माणसाची मुलं, संपत्ती आणि आरोग्य एकामागून एक जातं. त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसून राहतात. त्यानंतर ते बोलू लागतात. तू नक्कीच काहीतरी पाप केलं असणार, म्हणूनच हे घडलं, असा त्यांच्या बोलण्याचा सूर असतो. पुस्तकाच्या शेवटी देव ईयोबाला नव्हे, या मित्रांना चुकीचं ठरवतो. त्यांनी त्याला दिलेला खरा आधार बहुधा त्या सात दिवसांच्या मौनात होता.

दुसरा प्रसंग योहानाच्या नवव्या अध्यायातला. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू दोन्ही पर्याय नाकारतो आणि त्या माणसासाठी काय करता येईल याकडे वळतो.

आपल्याकडे हा प्रश्न जुना झालेला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात भानामतीच्या संशयावरून वृद्धांसह सात जणांना भर चौकात बांधून मारहाण झाली. अशा प्रत्येक घटनेच्या मुळाशी आधी कुणीतरी उच्चारलेला एक शब्द असतो. ‘हिनेच केलं’ किंवा ‘यानेच केलं’ एवढंच कुणी बोलतं आणि तेवढं पुरतं. दहा आज्ञांमधली शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची आज्ञा इथे थेट लागू होते.

प्रार्थना आणि मंत्र यांत फरक कोणता?

इथे ‘मंत्र’ म्हणजे उपासनेतलं नामस्मरण किंवा स्तोत्र नव्हे. ठरावीक शब्द ठरावीक पद्धतीने उच्चारले की हवा तो परिणाम हुकमी मिळतो, अशी जी समजूत असते, ती इथे अभिप्रेत आहे.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिस शहरातला एक प्रसंग आहे. पौल येशूच्या नावाने लोकांना बरं करतो, हे पाहून स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे तेच नाव मंत्रासारखं वापरून भूत काढायला जातात. भूतबाधा झालेला माणूस त्यांच्यावरच तुटून पडतो आणि ते जखमी होऊन, अंगावरच्या कपड्यांशिवाय पळत सुटतात. प्रसंग काहीसा विनोदी असला तरी मुद्दा गंभीर आहे. खुद्द येशूचं नावसुद्धा मंत्र म्हणून चालत नाही.

येशू स्वतः प्रार्थनेविषयी सांगताना शब्दांची नुसती पुनरावृत्ती करू नका, पुष्कळ बोललं म्हणजे ऐकलं जातं असं समजू नका, असं शिकवतो. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत तो संकट टळावं म्हणून प्रार्थना करतो, पण शेवट पित्याच्या इच्छेवर सोपवतो. संकट टळत नाही. पौलही आपल्या एका शारीरिक त्रासासाठी तीनदा प्रार्थना करतो आणि तो त्रास जात नाही.

मंत्रात माणूस हुकूम सोडतो, प्रार्थनेत तो विनंती करतो. विनंतीला ‘नाही’ असंही उत्तर मिळू शकतं. म्हणून खऱ्या प्रार्थनेत हमी नसते, विश्वास असतो.

‘तोंडाने बोला, मिळेल’ ही शिकवण आली कुठून?

ही शिकवण विसाव्या शतकात अमेरिकेत वाढली. ई. डब्ल्यू. केनयन यांच्या लेखनातून आणि पुढे केनेथ हेगिन यांच्या प्रवचनांतून तिचा प्रसार झाला. ती ‘वर्ड ऑफ फेथ’ या नावाने ओळखली जाते. तिचा आधार म्हणून मार्काच्या शुभवर्तमानातलं, विश्वासाने डोंगराला सांगितलं तर तो हलेल, हे येशूचं बोलणं आणि तोंडाने कबुली देण्याविषयी पौलाने रोमकरांस लिहिलेलं वचन पुढे केलं जातं.

पण मार्काच्या त्याच उताऱ्यात येशू आधी देवावर विश्वास ठेवायला सांगतो आणि शेवटी दुसऱ्यांना क्षमा करायला सांगतो. पौल ज्या कबुलीविषयी बोलतो ती ‘येशू प्रभू आहे’ ही निष्ठेची कबुली आहे, पैसा किंवा आरोग्य जाहीर करण्याची नव्हे. या शिकवणीवर टीका करणारे फक्त बाहेरचे नाहीत. चमत्कारांवर आणि रोगमुक्तीच्या प्रार्थनेवर विश्वास ठेवणाऱ्या असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल चर्चनेच १९८० मध्ये अधिकृत निवेदन काढून या ‘सकारात्मक कबुली’च्या टोकाच्या रूपापासून सावध राहायला सांगितलं.

या शिकवणीची सर्वांत मोठी किंमत आजारी माणूस मोजतो. तो बरा झाला नाही तर दोष त्याच्याच विश्वासावर किंवा तोंडून निघालेल्या एखाद्या ‘नकारात्मक’ शब्दावर जातो. ईयोबाच्या मित्रांची चूक अशी नव्या वेशात परत येते.

औषधाला तर बायबलचा विरोध नाहीच. हिज्कीया राजा मरणपंथाला लागतो तेव्हा यशया संदेष्टा देवाचा शब्द आणतो आणि त्याबरोबर गळवावर अंजिराचा लेप लावायला सांगतो. पौलाचा सोबती लूक वैद्य होता. निरोग्यांना नव्हे, दुखणाइतांना वैद्याची गरज असते, हे येशूने उदाहरण म्हणून सहज स्वीकारलं आहे.

आगगाडीतला शब्द: नारायण वामन टिळक

शब्दाची खरी ताकद कशी काम करते, याचं एक उदाहरण याच परिसरातून गेलेल्या रेल्वेमार्गावरचं आहे. १८९३ मध्ये कवी नारायण वामन टिळक नोकरीनिमित्त राजनांदगावला निघाले होते. नागपूरहून भंडारा रोड आणि गोंदियावरून जाणारा हा मार्ग. गाडीत त्यांची एका अनोळखी युरोपियन प्रवाशाशी गाठ पडली. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या. निरोप घेताना त्या प्रवाशाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असं भाकीत केलं.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. भाकीत खरं ठरलं म्हणून ही गोष्ट अनेकदा चमत्कारासारखी सांगितली जाते. पण मधल्या काळात काय झालं, ते अधिक महत्त्वाचं आहे. टिळकांनी ते पुस्तक वाचलं. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. त्यांनी शंका काढल्या, पत्रव्यवहार केला, विचार केला. अनोळखी माणसाचा शब्द हे बीज होतं. रुजवणूक टिळकांच्या स्वतःच्या शोधातून झाली. त्या निर्णयाची किंमतही मोठी होती. पत्नी लक्ष्मीबाई सुमारे पाच वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्यांनीही १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ‘स्मृतिचित्रे’मध्ये हा सगळा काळ मोकळेपणाने लिहून ठेवला. टिळकांनी ख्रिस्ती मंडळींत मराठी भजन आणि कीर्तन आणलं, कारण परक्या वळणाचं बोलणं काळजाला भिडत नाही, हे ते जाणत होते.

पंडिता रमाबाईंचा अनुभवही याला जोडून येतो. त्यांचं कुटुंब गावोगाव पुराणं वाचून उदरनिर्वाह करत असे. संस्कृत श्लोक मोठ्याने वाचले जात, पण लोकांना त्यांचा अर्थ क्वचितच सांगितला जाई. ऐकण्यातच पुण्य आहे, असं मानलं जाई. याच रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं हिब्रू आणि ग्रीक भाषांतून सगळं बायबल साध्या मराठीत आणण्यासाठी खर्च केली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापलेलं हे भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. शब्द कानावर पडून भागत नाही, तो कळावा लागतो, ही त्यामागची धारणा होती.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे. एखादी व्यक्ती करणी किंवा काळी जादू करते असं भासवून तिचं जगणं कठीण करणं हा त्यानुसार गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं हाही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान न करणारी उपासना, भजन, कीर्तन, प्रवचन यांना हा कायदा हात लावत नाही. म्हणजे प्रार्थनेला बंदी नाही, प्रार्थनेच्या नावाखाली उपचार रोखायला आहे.

मंत्राने विष उतरल्याचे किस्से का ऐकू येतात, याचंही उत्तर साधं आहे. बहुतेक साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असं नाही. असा माणूस मंत्राविनाही वाचलाच असता. नाग, मण्यार किंवा घोणस यांचं विष अंगात भिनलं तर मात्र प्रतिसर्पविष हाच उपाय आहे आणि तिथे वाया गेलेला प्रत्येक तास महाग पडतो.

शब्द ओळखायचा कसा?

प्रवचनातला असो, प्रार्थनेतला असो किंवा शेजाऱ्याचा, कुठल्याही शब्दाला ख्रिस्ती विचारातून तीन प्रश्न विचारता येतात. हा शब्द समोरच्याला उभं करतो की त्याच्यावर दोष टाकतो? बोलणारा त्या शब्दाची जबाबदारी घेतो का? आणि या शब्दामुळे आवश्यक कृती होते की अडते?

तिसऱ्या प्रश्नाबाबत याकोब फार स्पष्ट आहे. उघड्यानागड्या, उपाशी माणसाला ‘सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा’ असं म्हणायचं आणि हातावर काहीच ठेवायचं नाही, याचा काय उपयोग, असं तो विचारतो. कितीही चांगला आशीर्वाद असला, तरी त्यामागे कृती नसेल तर तो पोकळ.

रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावर कुणाला साप चावला, तर हे तीन प्रश्न लगेच उपयोगी पडतात. चावलेला भाग हलवू न देणं, जखम न कापणं, घट्ट दोरी न बांधणं आणि १०८ क्रमांकावर फोन करून थेट रुग्णालय गाठणं, हे आधी. गाडीत बसल्यावर शेजारच्याने त्याचा हात धरून ‘घाबरू नको, मी आहे सोबत’ म्हणावं आणि वाटलं तर दवाखान्याच्या दारापर्यंत प्रार्थनाही करावी. या बोलण्याने विष उतरत नाही. पण घाबरलेल्या माणसाला ते शांत ठेवतं, आणि सर्पदंशाच्या प्रथमोपचारात रुग्णाला धीर देणं ही डॉक्टरांचीही पहिली सूचना असते.